आधी ‘पुरे’ कोण म्हणणार?

फार फार वर्षांपूर्वी, नद्यांवर पूल कसा बांधायचा हे अजून कुणालाच ठाऊक नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. एका डोंगराच्या दोन अंगांना दोन राज्यं होती. एक पठारावरचं, एक खोऱ्यातलं. दोन्हीकडचे राजे तरुण होते आणि लहानपणापासूनचे मित्र होते.

दर पावसाळ्यात, सरहद्दीवरच्या हिरव्या कुरणात त्यांचा एक खेळ रंगायचा. कुरणभर लांब लांब अंतरावर खळगे खणलेले असत. वाकड्या टोकाच्या काठीने लाकडी चेंडू टोलवत न्यायचा आणि एकेका खळग्यात पाडायचा. कमी टोल्यांत शेवटचा खळगा गाठेल तो जिंकला.

शेवटचा खळगा खाली ओढ्याकाठी होता. तो लांबून दिसावा म्हणून तिथे एकजण निशाण धरून उभा राही. दोन्ही चेंडू खळग्यात पडेपर्यंत त्याने जागा सोडायची नाही, सोडली तर त्याच्या राजाची हार. आणि पावसाला कंटाळून जो राजा आधी ‘पुरे’ म्हणेल, त्याने आपलं पागोटं काढून दुसऱ्याच्या पायाशी ठेवायचं. अशी रीत होती. कुणी घातली, कुणाला माहीत नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं.

त्या वर्षी निशाणाचा मान पठाराकडे होता. पठारच्या राजाचा मामा निशाण घेऊन निघाला. आईबापांमागे त्यानेच राजाला वाढवलं होतं.

“मामा, पाय दुखले तर सांग हो,” राजा हसत म्हणाला.

“तू नीट मार म्हणजे झालं. मागच्या वर्षीसारखा चेंडू म्हशीच्या अंगावर घातलास तर मी रात्रभर तिथेच उभा!” मामा म्हणाला आणि उतारावरून खाली गेला.

खेळ सुरू झाला तेव्हा भुरभुर होती. बघता बघता पाऊस कोसळू लागला. काठी हातातून निसटू लागली. चेंडू चिखलात रुतू लागला. पठारच्या राजाला हुडहुडी भरली. पुरे झालं, असं त्याला अगदी मनापासून वाटलं. त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात खोऱ्याचा राजा ओरडला, “काय रे, पागोटं भिजून जड झालं का? दे इकडे, मी सांभाळतो!”

“तुझंच सांभाळ!” पठारचा राजा म्हणाला आणि त्याने पुढचा टोला हाणला.

शेवटच्या उतारावर ते आले तेव्हा ओढा फुगला होता. मामाच्या घोट्याला पाणी लागलं होतं. पठारच्या राजाने ते पाहिलं. त्याच्या मनात आलं, खोऱ्याचा राजा आता म्हणेलच ‘पुरे’. एवढा एक टोला.

पाणी मामाच्या गुडघ्यांपर्यंत चढलं. खळगा तर केव्हाच बुडाला होता. चेंडू पडणार कुठे, हे दोघांपैकी एकालाही सांगता आलं नसतं. तरी दोघं मारत होते. काठावरची माणसं ओरडत होती, “मारा महाराज, मारा!” मामा निशाण उंच धरून उभा होता. भाच्याचं पागोटं उतरू नये, म्हणून उभा होता.

मग पावसाची एक सर अशी आली की हातभरावरचं दिसेना. ती ओसरली तेव्हा ओढ्याकाठी निशाण नव्हतं. मामाही नव्हता.

पठारच्या राजाच्या हातातली काठी गळून पडली. “पुरे!” तो किंचाळला. “पुरे, पुरे!” पण आता ते कुणाला सांगत होता तो?

दोघं चिखलातून धावत खाली गेले. सगळी माणसं ओढ्याच्या कडेने धावली. पुढच्या वळणावर, झाडाच्या मुळांत अडकलेला मामा सापडला. त्याच्यात जीव नव्हता.

खोऱ्याचा राजा मटकन खाली बसला. “मला तर दुसऱ्या खळग्यापासूनच थांबायचं होतं रे,” तो पुटपुटला.

पठारच्या राजाने त्याच्याकडे वळून पाहिलं. “मलाही,” तो म्हणाला.

मग तो आपल्या प्रधानाकडे वळला. “पाणी चढताना तुम्हाला दिसलं नाही?”

“दिसलं महाराज.”

“मग बोलला का नाहीत?”

“महाराजांचा खेळ मी कसा थांबवणार?”

राजाने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या. पाणी सगळ्यांनाच दिसलं होतं. एवढ्या मोठ्या जमावात एक शब्द बोलायला एक माणूस निघाला नव्हता!

इतक्यात घोंगडीची खोळ घेतलेली मामी उतारावरून येताना दिसली. काखेत कोरडं धोतर होतं, ते भिजू नये म्हणून तिने पदराखाली धरलं होतं. माणसांची दाटी पाहून तिला वाटलं, खेळ संपला. लांबूनच ती हसत म्हणाली, “झालं का एकदाचं? कोण जिंकलं?”

मामी पुढे आली. माणसं बाजूला झाली आणि मामीच्या काखेतलं धोतर चिखलात पडलं.

दुसऱ्या दिवशी दोन्ही राजांनी स्वतःच्या हातांनी ते सगळे खळगे बुजवले. खेळ संपला, रीतही संपली. पण पठारच्या राजाला त्यानंतर कुणी कधी मोठ्याने हसताना पाहिलं नाही. मामीच्या प्रश्नाचं उत्तर त्याला जन्मभर देता आलं नाही.

तात्पर्य: थांबायला हवं हे कळल्यावरही जो दुसऱ्याने आधी थांबण्याची वाट पाहतो, त्याच्या हट्टाची किंमत भलताच माणूस जिवाने मोजतो.