हंड्यातले दोन श्वास

“येसाजी जिंकला! शिदबाने तुतारी खाली ठेवावी आणि संध्याकाळच्या आत राज्य सोडावं!” मल्लराजाने निकाल दिला.

दसऱ्याला राजाच्या हत्तीपुढे तुतारी कोणी फुंकायची, याची परीक्षा होती. दरबारात तांब्याचा मोठा हंडा मांडला होता. त्याच्या नळीला चामड्याची झडप होती. फुंकलेला श्वास आत जाई, बाहेर येत नसे. घट्ट बसणाऱ्या हलक्या झाकणावर पाटा, आणि पाट्यावर वरवंटा. दोघांनी एकेक छातीभर श्वास आत सोडायचा; ज्याच्या फुंकण्याने झाकण उचललं जाईल तो जिंकणार. आधी शिदबाने फुंकलं. झाकण ढिम्म. मग येसाजीने फुंकलं. झाकण फुस्सकन उचललं गेलं.

“महाराज, आत माझ्या बाबांचाही श्वास होता!” शिदबाची मुलगी सगुणा पुढे आली.

“असं? मग दोघांचे श्वास वेगळे करून दाखव! नाहीतर बापाबरोबर तूही चालू लाग.”

“दाखवते. हंडा उघडून पुन्हा बंद करा. येसाजीकाका, आता एकट्याने फुंका.”

येसाजीने डोळे बाहेर येईस्तोवर फुंकलं. झाकण ढिम्म.

“मघाशी तर उचललं!” येसाजी म्हणाला.

“मघाशी बाबा आत होते,” सगुणा म्हणाली.

तिने पाटा काढून झाकणावर नुसता वरवंटा ठेवला. झाकण उचललं गेलं.

हंडा पुन्हा रिकामा केला. आता शिदबाने एकट्याने फुंकलं. पाटा-वरवंटा दोन्ही असताना झाकण हललं नाही. वरवंटा काढताच पाट्यासकट वर आलं.

“पाटा बाबांचा, वरवंटा काकांचा. हंडा एकच असला तरी प्रत्येकाचा श्वास, दुसरा तिथे नसल्यासारखाच ढकलतो. दोघांच्या जोराची बेरीज झाली, म्हणून दोन्ही उचललं गेलं.”

“थांबा!” राजाच्या उजवीकडचे प्रधान उठले. “कोणी फुंकण्याआधीच हंड्यात हवा होती. तिचा वाटा कुठे गेला?”

“हवा नव्हती!” डावीकडचे प्रधान उठले.

“होती!”

“नव्हती!”

“होती,” सगुणा म्हणाली. “पण ती आतून जेवढी वर ढकलते, तेवढीच बाहेरची हवा झाकणाला खाली दाबते. दोघींचा जोर अगदी सारखा. आपल्या दोन प्रधानांसारखा. दिवसभर चालू असतो, झाकण काही हलत नाही.”

दोन्ही प्रधान एकदमच खाली बसले. मग राजा पोट धरून हसला.

“वरवंट्यापेक्षा पाटाच जड. शिदबा, तुतारी उचल! आणि या दोन प्रधानांच्या मधे सगुणेसाठी तिसरं आसन मांडा. आता कुठे झाकण हलेल!”