घळीत अडकलेली थैली

फार पूर्वी, नदी जिथे डोंगर फोडून खाली उतरते तिथल्या एका गावात हैबती आणि सुभाना नावाचे दोन सोबती राहत होते. लहानपणापासून दोघं मिळून मासे धरायचे. पुढे हैबतीच्या धाकट्या बहिणीचं, ठकूचं, सुभानाशी लग्न झालं आणि सोबती सोयरे झाले.

त्या नदीत मासे धरायची रीत वेगळी होती. वरच्या अंगाला पाणी थंड आणि पळतं, तिथे जाळं टिकायचं नाही. म्हणून गळाला कोंबडीची बारीक पिसं दोऱ्याने बांधून खोटी माशी करायची. लांब वेळूच्या काठीने ती पाण्यावर अलगद टेकवायची आणि मासा उसळला की काठी उचलायची. मासा एका जागी थांबत नाही, म्हणून माणसालाही थांबता येत नाही. कधी खडकावरून, कधी कमरेएवढ्या पाण्यातून, दिवसभर वर वर जात राहायचं.

एका वर्षी पावसाळा सरला, पाणी निवळलं, आणि दोघांनी ठरवलं की यंदा घळीतून पार वरच्या डोहापर्यंत जायचं. जुन्या थैल्या फाटल्या होत्या. नव्या शिवायचं काम ठकूकडे आलं.

"माझी लहानच शिव," सुभाना म्हणाला. "छातीशी बसेल एवढी. गळ, दोरा आणि भाकऱ्या मावल्या की झालं."

हैबती म्हणाला, "माझी मोठी कर. घोंगडी मावली पाहिजे, पातेलं, तांदूळ, कुऱ्हाड, सुके कपडे. आणि पट्टे दुहेरी शिव. तुटता कामा नयेत."

ठकू हसली. "दादा, मासे धरायला चाललास की बिऱ्हाड हलवायला?"

हैबती हसला नाही. मग ठकूच्याही ध्यानात आलं आणि ती दोरा ओवू लागली.

त्याचं कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं. कोवळ्या वयात हैबती बापाबरोबर डोंगरात गेला होता. वाटेत बाप पाय घसरून पडला, वरून पाऊस आला, अंगात ताप भरला. पांघरायला काही नव्हतं, विस्तव करायला काही नव्हतं. बाप पोराच्या मांडीवर कुडकुडत गेला. त्या दिवसापासून हैबती शेजारच्या गावाला निघाला तरी पाठीवर बोजा घेऊनच निघायचा. कोणी त्याला हसत नसे.

निघताना सुभाना एवढंच म्हणाला, "निम्मं तरी घरी ठेव. घळ अरुंद आहे, तू बघितली आहेस."

"आणि काही लागलं तर?"

"नाही लागलं तर?"

"लागतं तेव्हा नसलं की काय होतं, ते मी बघितलंय," हैबती म्हणाला.

दोघं नदीने वर निघाले. सुभाना झपझप पुढे जायचा, पाणी ओलांडायचा आणि पलीकडे उभा राहून हैबतीची वाट बघायचा. हैबती प्रत्येक पाऊल चाचपून टाकी. ओझ्याने तोल जाई. जिथे मासा उसळत होता तिथे पोचेपर्यंत मासा निघून गेलेला असे. सुभानाचाही निम्मा दिवस थांबण्यातच गेला, पण त्याने एका शब्दाने कुरकूर केली नाही.

संध्याकाळी गार वारा सुटला. हैबतीने लाकडं तोडून चूल पेटवली, गरम भात केला आणि आपली घोंगडी सुभानाच्याही अंगावर ओढली.

"बरं वाटलं," सुभाना म्हणाला.

"म्हणून आणतो," हैबती म्हणाला. त्याला मनापासून आनंद झाला होता.

दुसऱ्या दिवशी ते घळीत शिरले. दोन्ही बाजूंना ताठ कातळ, मध्ये नदी आणि नदीकाठी वाळूचा एक पट्टा. तिथून वर जायला एकच वाट होती. डाव्या कातळाला उभी चीर पडली होती, तिच्यातून हातापायांनी चढत जायचं. चीर एका माणसापुरतीच रुंद होती.

आधी नदी ओलांडताना हैबतीचा पाय घसरून थैली भिजली होती. त्याने सगळं सामान वाळूवर पसरून वाळत घातलं. सुभाना जवळच गळ टाकत होता. त्याला पाण्यावर पाचोळा दिसला. मग काटक्या आल्या. मग पाण्याचा रंग बदलला.

"हैबती, वर कुठेतरी पाऊस कोसळलाय. ऊठ, चल."

हैबतीने घोंगडीची घडी घालायला घेतली.

"राहू दे ते."

"झालंच," हैबती म्हणाला. त्याने पातेलं आत टाकलं, तांदळाची पुरचुंडी टाकली, कुऱ्हाड खोचली. पट्टे छातीवर आवळून गाठी मारल्या. तोवर वाळू पाण्याखाली गेली होती.

सुभाना चिरेपाशी उभा होता. एव्हाना तो वर पोचला असता. पण तो म्हणाला, "तू आधी चढ. तुझ्या पाठीवर ओझं आहे, मी खालून आधार देतो."

हैबती चढू लागला. निम्म्यावर गेला आणि अडकला. थैली दोन्ही कातळांत घट्ट बसली. त्याला वर जाता येईना, खाली येता येईना. आणि तो असा अडकल्यावर सुभानालाही वाट उरली नाही.

"थैली सोड," खालून सुभाना म्हणाला. त्याचा आवाज शांत होता.

"गाठी भिजल्यात. सुटत नाहीत."

"कमरेला सुरी आहे ना? पट्टा काप."

हैबतीने हात कमरेकडे नेला. सुरीची मूठ त्याच्या बोटांना लागली. त्याच क्षणी त्याच्या डोळ्यांसमोर मांडीवर कुडकुडणारा बाप आला. हात तिथेच थांबला.

"जरा खालून रेट," तो म्हणाला. "एवढ्यात निघेल."

"हैबती, पाणी छातीला लागलंय. काप तो पट्टा."

"एकदा रेट, सुभाना. एकदाच."

सुभानाने वाद घातला नाही. वाद घालायला वेळ नव्हता. त्याने थैलीखाली खांदा लावला, पाय पाण्यातल्या दगडात रोवले आणि अंगात होती नव्हती ती सगळी ताकद लावून रेटा दिला. थैली खरडत सुटली. हैबती दोन हात वर सरकला, उरलेली चीर चढून कातळाच्या कडेवर पोचला आणि पालथा पडून त्याने खाली हात घातला.

"दे हात," तो म्हणाला.

चिरेत नुसतं पाणी होतं. गढूळ, वर वर चढणारं पाणी. त्याने सुभानाला हाका मारल्या. पाण्याच्या आवाजात त्याची हाक त्यालाही ऐकू आली नाही.

पाणी ओसरल्यावर गावकऱ्यांना सुभाना खालच्या वळणावर सापडला, उंबराच्या मुळांत.

हैबती ठकूपुढे जाऊन बसला. त्याने काही लपवलं नाही. सुरीला हात लागला होता, हेही सांगितलं. ठकूने सगळं ऐकून घेतलं.

"त्यांनी सांगितलं होतं ना, पट्टा काप म्हणून?"

"सांगितलं होतं."

"मग का नाही कापलास, दादा?"

हैबती म्हणाला, "मला वाटलं, ओझं सोडलं तर मी मरेन."

"आणि ते?"

"त्याचा विचार माझ्या मनातच आला नाही, ठकू."

ठकू उठून आत गेली.

त्यानंतर हैबती रोज बहिणीच्या दारात पाणी आणून ठेवी, लाकडं फोडून देई, तिच्या शेतात राबे. ठकू त्याला जेवायला वाढायची. ताट नीट भरून वाढायची. पण ती त्याच्याशी बोलली नाही, पुढे म्हातारी झाली तरी बोलली नाही. तोही कधी बोल म्हणाला नाही. खाली मान घालून जेवायचा, ताट धुऊन पालथं घालायचा आणि आपल्या घरी जायचा.

तात्पर्य सांगायचं तर एवढंच: भीतीपोटी उचललेलं ओझं आपल्याच पाठीवर आहे असं वाटतं, पण अवघड वाटेवर ते आपल्या मागून येणाऱ्याच्या खांद्यावर पडतं.