अर्धी करवंटी

त्या राज्यात दर उन्हाळ्यात नदी आटायची, आणि दर उन्हाळ्यात तिच्याविषयी सभा भरायची. वर्षभरात ज्याने जे शोधलं ते त्याने सभेत सांगायचं आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी पलीकडच्या डोंगरातल्या तळ्याकडे निघायचं, असा परिपाठ होता. लांब पायांचे पोचायचे. आखूड पायांचे वाटेत कमी व्हायचे. त्यांच्यासाठी पुढच्या सभेत शोकठराव होई.

प्रत्येक वक्त्याला एक करवंटी मिळे. बुडाला बारीक भोक पाडलेली ती करवंटी कासव खडकाच्या खळग्यातल्या पाण्यावर सोडायचं. राज्यात उरलेलं पाणी तेवढंच. पण ते वेळ मोजायचं असल्यामुळे त्याला तोंड लावायची बंदी होती. करवंटी बुडेपर्यंत जे सांगून झालं ते धरलं जाई. जे राहिलं ते शोधलंच नाही, असं समजत.

बोलण्याची सुरुवात थोरांच्या नामावळीने करावी लागे. जितकी नामावळी लांब, तितका वक्ता अभ्यासू. त्यामुळे बहुतेकांची करवंटी नावांतच बुडायची आणि श्रोते समाधानाने माना हलवायचे.

त्या वर्षी एका तरुण साळूला पहिल्यांदाच बोलायचं होतं. तिच्या अंगावर काटे होते, पण धीर बेताचाच. मागे पान पडलं तरी सगळे काटे ताठ उभे राहत आणि शेजारचे बाजूला सरकत. तिची मार्गदर्शक घोरपड होती. घोरपडीने तिच्याकडून एकाहत्तर नावं पाठ करून घेतली होती, आणि त्यांत आपलं नाव दोनदा येतं का हे ऐकून पाहिलं होतं.

साळूच्या आधी म्हातारा गवा उभा राहिला. त्याचा विषय तहानेचे प्रकार हा होता. तहान सोळा प्रकारची असते हे तो गेली नऊ वर्षं सांगत होता. यंदा सतरावा प्रकार सापडला होता. त्याची पहिली करवंटी बुडाली, दुसरी बुडाली. गव्याला थांबा म्हणायचं कुणी, हा प्रश्नच होता. चौथी बुडाली तेव्हा ऊन कड्यावर टेकलं होतं, आणि ऊन गेलं की सभा संपे.

कासवाने करवंटी आधीच निम्मी भरून हातात धरली, म्हणजे ती निम्म्या वेळात बुडणार होती. "बाई, एवढाच दिवस उरलाय," ते म्हणालं. "बोलायचं तर बोल. नाहीतर पुढच्या वर्षी."

साळूचे काटे खाडकन उभे राहिले. पुढची रांग दोन पावलं मागे गेली. "आधी त्या काट्यांना बसायला सांग," असं माकड म्हणालं आणि सभा हसली.

पुढच्या वर्षी. साळूने समोर पाहिलं. उद्या चालायला लागणारे आखूड पाय पहिल्या चार रांगांत बसले होते. एकाहत्तर नावं तिच्या जिभेवर तयार होती. घोरपड मान उंचावून त्यांची वाट पाहत होती. करवंटी पाण्याला टेकली आणि साळूने ती सगळी नावं गिळली.

"नदी आटत नाही," ती म्हणाली. "ती वाळूखाली जाते. तीन उन्हाळे मी पात्रात जागोजागी खड्डे करून त्यांच्या तळाशी माझे गळालेले काटे रोवले आणि पहाटे उपसून पाहिले. सगळीकडे कोरडे निघाले. करंजाच्या वळणावर टोकं ओली निघाली, तिन्ही उन्हाळे. तिथे खणलं तर पाणी लागेल. माझं झालं."

करवंटी अजून तरंगत होती.

असं कधी घडलंच नव्हतं, त्यामुळे पुढे काय करायचं ते कुणाला ठाऊक नव्हतं. माकडाने वाकून पाहिलं. त्याला वाटलं, भोक बुजलं असावं. घोरपडीने डोळे मिटून घेतले. उरलेला वेळ सगळ्यांच्या मधोमध नुसता हलत राहिला.

मग कासव बोललं. इतक्या सभा मोजल्या, पण त्याने आजवर कुणाला काही विचारलं नव्हतं. त्याचे पाय सभेत सगळ्यांत आखूड होते.

"किती खोल?"

"माझ्या अंगाएवढा खड्डा," साळू म्हणाली. "त्याखाली एक काटा. त्याहून जास्त नाही."

गव्याने घसा खाकरला. नामावळीशिवाय झालेलं भाषण धरता येणार नाही, असं त्याचं मत पडलं.

"बुडायच्या आत झालंय," कासव म्हणालं. "धरावंच लागेल." आणि ते करवंटी तशीच सोडून वळणाच्या दिशेने चालू लागलं. कासवाच्या मागे जायचं म्हणजे सभेला फार हळू चालावं लागलं. तरी ती गेली. गवाही गेला, सगळ्यांत शेवटी, आक्षेप नोंदवत.

साळूने खणायला सुरुवात केली. मग ससे आले, मग उंदीर, मग ज्यांना नखं होती ते सगळे. खड्डा तिच्या अंगाएवढा झाला. वाळू कोरडीच होती. वरून कुणीतरी हुंकार दिला. तिचे काटे उभे राहिले, पण या वेळी बाजूला कुणी सरकलं नाही, जागाच नव्हती. तिने आणखी एक काटाभर माती उपसली. वाळू काळी झाली, मऊ झाली, आणि तळातून गढूळ पाणी हळूहळू वर आलं. निवळलं. काठापर्यंत चढलं.

आधी आखूड पायांचे प्यायले. बराच वेळ प्यायले. त्यानंतर गवा पुढे आला. गर्दीने सवयीने वाट करून दिली. त्याने पाण्याकडे पाहिलं, साळूकडे पाहिलं, सभेवरून नजर फिरवली, आणि बोलण्यासाठी तोंड उघडलं. मग त्याने गुडघे टेकले आणि ते तोंड पाण्यात घातलं.