तारेखालचा दोरा

एकदा एक मासिक मरायला टेकलं होतं. गाण्याबजावण्याचं मासिक, एका म्हाताऱ्या संपादकानं उभी हयात घालून चालवलेलं. एके काळी अंकासाठी लोक पोस्टमनची वाट अडवायचे. आता गाण्यावरचं लिखाण मोबाइलवर फुकट मिळतं, आणि तिथे काय, प्रत्येक गवई थोरच. वाईट गाणारा जन्मालाच येत नाही! वर्गणीदार गळाले. उरला मलपृष्ठावर जाहिरात देणारा एक व्यापारी.

एक दिवस तो स्वतःच आला. त्यानं भरवलेल्या महोत्सवातल्या गायकाबद्दल म्हाताऱ्याच्या शिष्येनं येत्या अंकासाठी लिहिलेलं त्याच्या कानावर गेलं होतं, "वरच्या षड्जावर बुवांचा सूर उतरतो, आणि बुवा हात उंचावून ते झाकतात."

"एवढी ओळ गाळा, आजोबा," व्यापारी म्हणाला. "वर्षभराची छपाई माझ्याकडे."

ओळ शिष्येची होती आणि खरी होती. पण मासिकच बंद पडलं तर खरं छापायचं कुठे?

"गाळू या का?" ती हळूच म्हणाली. "एकच तर ओळ आहे."

म्हाताऱ्यानं कोपऱ्यातला तंबोरा मांडीवर घेऊन छेडला. खोली भरून गेली. मग तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर, तारांखाली सरकवलेले सुती दोरे त्यानं एकेक करून ओढून काढले आणि तंबोरा व्यापाऱ्यापुढे धरला.

"छेडा."

पत्र्यावर खडे पडावेत तशा तारा वाजल्या.

"अहो, बिघडवलात की!"

"काय बिघडलं? भोपळा तोच, लाकूड तेच, तारा त्याच. एकेक दोरा तर काढला! शेटजी, कागद, शाई, मुखपृष्ठ, सगळं तुम्ही द्याल. पण खटकलं ते खटकलं म्हणायचं, त्या दोऱ्यावर मासिक बोलतं. तो काढलात तर हातात नुसतं लाकूड राहील. ते विकायला मी बसलेलो नाही."

"हा हट्ट आहे. बंद पडेल तुमचं मासिक!"

"पडू दे. बोलता बोलता पडेल."

व्यापारी तणतणत निघून गेला. पुढचा अंक म्हणजे दुमडलेला एकच कागद. मुखपृष्ठ नाही, जाहिरात नाही. मजकूर लावताना शिष्येनं ती ओळ खालून उचलली आणि सगळ्यात वर, ठळक अक्षरांत बसवली. कुणाला विचारलं नाही.

मग ती तंबोऱ्याचे दोरे जागेवर सरकवू लागली. एकेक तार पुन्हा बोलती झाली. म्हातारा डोळे मिटून ऐकत होता.

"छान झालं," ती म्हणाली.

"कसलं छान? तिसरी अजून मुकी आहे."

ती हसली, आणि तिनं दोरा केसभर पुढे सरकवला.