घोटाची खिंड

या खिंडीत उभे राहून दोन्हीकडे बघा. मावळतीला ढग अडतात, पाऊस तिकडेच कोसळतो, म्हणून तिकडे अंजनीची दाट राई आणि फांद्यांवर शेकरू. उगवतीला येईपर्यंत ढग रिकामे होतात. मग इकडे बोरी-बाभळी, कुसळी गवत आणि माळावरचे ससे. शेकरू खिंडीतल्या या शेवटच्या अंजनींपर्यंत येते आणि मागे फिरते. या अंजनी मात्र रानाने लावलेल्या नाहीत, सुनांनी लावल्या आहेत, असे सांगतात.

फार पूर्वी राईतली येसू माळावर सून म्हणून आली. येताना तिने माहेरची अंजनी आणली. झाड जगले तर नांदेन, नाहीतर माघारी जाईन, असा तिने पण केला होता म्हणे. पहिले रोप वाळले. दुसरे आणले, तेही पिवळे पडू लागले. येसूला कोरड्या वाऱ्याचा संशय आला नाही, सासूचा आला. बनाबाई मुळातच कमी बोलायची, आणि अशा माणसाच्या पोटात काय चालले आहे ते कोण सांगणार? चुलीवरचे आधण कुठे जाते, यावर येसू डोळा ठेवू लागली.

एका दुपारी बनाबाई पदराआड तांब्या धरून परसात गेली. येसू दबकत मागोमाग. पाणी मुळाशी पडताच तिने सासूचे मनगट धरले आणि शेजारपाजार गोळा केला.

"आत्याबाई, कढत पाणी घालताय व्हय माझ्या रोपाला?"

बनाबाईने तांब्या तोंडाला लावला, घोट घेतला आणि तांब्या येसूच्या हातात दिला. पाणी गार होते. टंचाईत स्वतःच्या वाट्याला आलेले पिण्याचे पाणी सासू रोज रोपाला घालत होती. येसूला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"हितलं वारं त्याला सोसत न्हाई, पोरी," बनाबाई म्हणाली. "चल, त्याच्या ढगापाशी ठेवू त्याला."

दोघींनी ते खिंडीत, धुके पोचते तिथे लावले. रोप जगले आणि येसू नांदली.

आजही राईतली नवरी माहेरचे रोप इथेच लावते, माळावर नेत नाही. पहिले पाणी सासूने घालायचे, पण आधी त्यातलाच एक घोट प्यायचा. मायेची रीत आहे, असे सगळे म्हणतात. असेलही. पण तो घोट खाली उतरेपर्यंत नवरीची नजर सासूच्या गळ्यावरून हलत नाही.