एकच प्रत

दीडेकशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका गावी एक वृद्ध विनोदकार साप्ताहिक चालवीत असे. त्याचा विनोद एवढा लोकप्रिय, की आसपासची वर्तमानपत्रं तो कात्रीने कापून आपल्या अंकात बेधडक छापीत. त्याच्या हाताखाली एक तरुण शिष्य होता. बुद्धी तल्लख, जीभ त्याहून तल्लख.

गावात एक विधुर कापडव्यापारी होता. दर रविवारी तो आपल्या बागेतला भोपळा घेऊन शाळेतल्या शिक्षिकेच्या दारापर्यंत जाई आणि दार वाजवायचा धीर न झाल्याने भोपळ्यासकट परत येई. शिष्याने लिहिलं, 'आता मालकाने घरी बसावं. भोपळ्याला रस्ता पाठ झाला आहे.' छापखान्यात हशा पिकला. वृद्धही पोट धरधरून हसला. मग त्याने स्वतः यंत्र फिरवलं, पहिली प्रत शिष्याच्या हाती दिली आणि म्हणाला, "जा, व्यापाऱ्याला दे. त्याचं वाचून होईपर्यंत तिथेच थांब."

हे काय भलतंच? शिष्याला काही उमजेना. तरी तो गेला.

व्यापाऱ्याने मजकूर वाचला. पुन्हा वाचला. त्याचे कान लाल झाले. "तीही हा अंक घेते," तो हळूच म्हणाला. "आता कुठल्या तोंडाने जाऊ रे तिच्याकडे? संपलं सगळं."

शिष्य धावतच छापखान्यात आला. "साहेब, अंक थांबवा! हात जोडतो!"

"छापलाय कुठे? ती एकच प्रत होती," वृद्ध म्हणाला. "अरे, विनोद फर्मास होता, म्हणून तर मला भीती वाटली. फुसका विनोद गावातच विरतो. हा चार गावचे संपादक कापून छापतील, मग तुला तो परत बोलावता येणार नाही. तू आमचे हसरे चेहरे पाहिलेस. एक चेहरा पाहायचा राहिला होता. त्यापायी त्या भल्या माणसाला मी दुखावलं, तो दोष माझा. पळ, आधी त्याला सांग."

शिष्य उलट पावली पळाला. "छापलं नाही हो! छापखान्याबाहेर कुणीच वाचलेलं नाही!"

व्यापाऱ्याने विचारलं, "तिनेही नाही?"

"नाही."

त्याने प्रत पुन्हा डोळ्यांसमोर धरली आणि या वेळी मात्र तो खदखदून हसला. "लबाडा, लिहिलंस झकास हं!" डोळे पुसत त्याने डोक्यावर टोपी चढवली. "ही प्रत राहू दे माझ्याकडे. तिला मीच वाचून दाखवतो."

आपल्यावरचा विनोद सांगण्याचा पहिला मान आपला असतो. तो दुसऱ्याने हिसकावू नये, एवढंच.