सगुणेची नवी गाणी

फार जुन्या काळची गोष्ट. डोंगराळ मुलखातल्या एका राज्यात वाजवणाऱ्यांचा एक ताफा होता. दोन ढोल, एक हलगी आणि गाणारी सगुणा. ताफा वाजू लागला की झाडांवरची पाखरं उडून जात. त्या दणदणाटावर सगुणेचा आवाज असा चढे, की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा.

बारा वर्षं अशी गेली. मग सगुणेला वेगळीच गाणी सुचू लागली. सोपी, नाचरी, कुणालाही सहज गुणगुणता येतील अशी. ढोलांपुढे ती टिकत नव्हती.

एका सकाळी तिने म्होरक्या भिवाजीला सांगून टाकलं, "दादा, मी आता एकटी गाणार."

"गोड गोड गाऊन लोकांना खूश करायचंय का?" भिवाजी कडाडला.

"लोक इथंही खूशच आहेत, दादा. मला ती गाणी आवडतात, म्हणून."

भिवाजीने पाठ फिरवली. पुढे तो जाईल तिथे तिला नावं ठेवू लागला.

पहिल्याच बाजारात सगुणेची फजिती झाली. गाणं नाजूक, पण गळ्याला सवय जुनी; ती ओरडूनच गायली. कडेवरची पोरं रडायला लागली, लोक हसत पांगले. हळू गाणं किती अवघड, हे तिला तेव्हा कळलं. तिने वर्षभर मेहनत घेतली. हळूहळू तिची गाणी विहिरीवर, खळ्यावर, जात्यावर ऐकू येऊ लागली.

ती राणीच्याही कानावर गेली. दरबारात बोलावणं आलं. दिवाण तिला बाजूला घेऊन म्हणाले, "राणीसाहेबांना ढोल सहन होत नाहीत. भर दरबारात एवढंच म्हण, की तो ताफा म्हणजे नुसता गोंगाट होता. राजगायिकेची जागा तुझी."

सगुणेला ती जागा हवी होती. गावोगाव पायपीट करून ती दमली होती. भिवाजीचे शब्दही तिला अजून बोचत होते. 

तरीही ती राणीसमोर जाऊन म्हणाली, "राणीसाहेब, माझा गळा त्या ढोलांनीच तयार केला. त्यांना मी गोंगाट म्हणणार नाही."

ती जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. सगुणा आली तशी चालत परत गेली.

ही हकिकत भिवाजीला कळली. तो तिच्या दारात आला आणि उभ्यानेच म्हणाला, "तुझी गाणी मला अजूनही आवडत नाहीत."

"ठाऊक आहे, दादा."

"पण मी तुझ्याबद्दल वाईट बोललो, ते माझं चुकलं."

पुढच्या जत्रेपासून सकाळी ताफा वाजू लागला आणि दुपारी सगुणा गाऊ लागली. बरेचसे लोक दोन्ही ऐकूनच घरी जात.

तात्पर्य : नवी वाट धरताना जुन्या वाटेवर चिखल उडवू नये.